बहाळ्याची पाठ

आमच्या गावात गुरांची पाठ धूत नाहीत. पाय धुतात, तोंड पुसतात, शेपटीला लागलेला चिखल खरवडून काढतात, पण पाठीवर पाणी ओतायचं नाही, अगदी दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा नाही. परवा कल्याणहून गुरांचे एक डॉक्टर आले होते. त्यांनी आमच्या गोठ्यात पाऊल टाकलं, नाकाला रुमाल लावला आणि "मास्तर, तुम्ही तरी शिकलेले आहात" अशी सुरुवात करून मला स्वच्छतेवर अर्धा तास ऐकवलं. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, गेल्या पाच पावसाळ्यांत आमच्या गावचा एक तरी बैल गारठून बसला म्हणून तुमच्याकडे आला का? ते आठवायला लागले. त्यांचं आठवून होईपर्यंत मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

ते गेले, पण माझा राग गेला नाही. राग त्यांच्यावर नव्हताच. आपल्याकडे ज्यानं सभेत दोन भाषणं ठोकली त्याचं चरित्र निघतं, आणि जिच्यामुळे एका आख्ख्या गावाची शेतं नांगरली गेली तिचं नाव तिसऱ्या पिढीला माहीत नसतं. आमच्या पोरांना विचारा, पाठ का धूत नाही? "तशी रीत हाय," म्हणतील. रीत काय आभाळातून पडते? ही रीत तुळसाबाई भोईर या बाईनं घातली, आणि ती कशी घातली हे माझ्या बापानं, पंढरीनं, मला इतक्या वेळा सांगितलंय की आता मी लिहिलं नाही तर मलाच लाज वाटेल.

गोष्ट अठराशे ब्याऐंशीच्या सुमाराची. डोंबिवलीच्या खाडीकाठचं आमचं आगरी गाव. पावसाळ्यात खाऱ्या जमिनीत भात आणि दिवाळीनंतर आठ महिने मिठागर, हा आमचा संसार. तुळसाचा नवरा भिवा. त्यानं आणि तिनं मिळून खाडीच्या कडेला बांध घालून एक शेत काढलं होतं. भरतीचं पाणी अडवायचं, पावसानं खार धुऊन जायची वाट बघायची, पुन्हा बांध फुटला की पुन्हा घालायचा, असं सहा वर्षं केल्यावर त्या जमिनीनं पहिला भात दिला. सातव्या वर्षी भिवा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. राहिली तुळसा आणि ते शेत.

आता आमच्याकडे बाई नांगराला हात लावत नाही, तेव्हाही लावत नव्हती. मग तिचं शेत नांगरायचं कोणी? तर सावडीनं. सावड म्हणजे तुझे बैल माझ्या शेतात, माझे हात तुझ्या शेतात. माझ्या बापाकडे हात होते, बैल नव्हते. तुळसाकडे बैल होते. तेव्हा तिच्या जोडीनं बाप आधी तिचं शेत नांगरायचा, मग आपलं. जोडी आहे तोवर सावड, आणि सावड आहे तोवर शेत, असा तो सरळ हिशोब होता.

पण जोडी टिकेना. तिचा एक बैल चांद्या, गावठी, अंगानं बारीक पण चिवट. त्याच्या जोडीला दुसरा लागायचा डोंगरातला, कारण खाडीचा चिखल ओढायला डोंगरी बैलाचीच छाती पाहिजे. मुरबाडकडे म्हशाची जत्रा भरते, तिथून सगळं गाव असे बैल आणायचं. बैल यायचा देखणा. हिवाळा-उन्हाळा मिठाची ओझी वाहायचा. मग पावसाळ्यात एक दिवस त्याच्या अंगावर काटा फुलायचा, कापरं भरायचं आणि चार दिवसांत तो जो खाली बसायचा तो उठायचाच नाही. सगळ्या गावाचं तेच होतं. खाऱ्या जमिनीत डोंगरचं जनावर टिकत नाही, असं म्हणून लोक गप्प बसायचे आणि पुढच्या जत्रेला जायचे. तुळसाचे तीन वर्षांत तीन बैल असे गेले. तिसरा गेला तो भादव्यात.

भिवाचा थोरला भाऊ राघो. मी त्याला राघोकाका म्हणायचो. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर त्याचे नातू माझ्या दारात येऊन बसतील. पण आपण करतो ते दुसऱ्याच्या भल्याचं, अशी त्याची पक्की समजूत होती आणि त्या भल्यात त्याचं शेत नेमकं वाढायचं. बैल पुरला त्याच संध्याकाळी तो तुळसाच्या अंगणात येऊन बसला. माझा बापही तिथं होता.

"वयनी, आता पुरं झाला," राघोकाका म्हणाला. "शेत माज्याकरं दे. दोन टायमाचा भात माज्या घरान मिलंल तुला."

"भात मी पन पिकवतंय, भावजी."

"कशानं? एका बैलावर? जोडी नाय तं सावड नाय. का पंढरी सोताला जुपून घेनार हाय चांद्याच्या बाजूला?"

बाप सांगायचा की त्याच्या मनात तसं येऊन गेलं होतं खरं. पण तुळसा हसली नाही. तिनं विचार केला आणि म्हणाली, "दिवालीच्या पारव्याला माज्या दारान जोडी नसली तं शेत तुमचा. पंढरी ऐकतोय."

"जत्रा तं पौषान हाय. पारव्याला बैल कुठना आननार?"

"जत्रंन मी जानारच नाय. जत्रंन कोन बोलतोय मला, हा का मरतो त्ये? ज्याच्या वाड्यान ही गुरं जनमतात त्यालाच इचारते."

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी ती निघाली. कमरेला दावं गुंडाळलेलं, पायातले चांदीचे वाळे काढून फडक्यात बांधलेले, तांदळाच्या भाकऱ्या, सुके बोंबील आणि ओच्यात चार मुठी खडामीठ. वाटेल ते झालं तरी आमची माणसं मिठाशिवाय घर सोडत नाहीत. बापानं तिला सांगितलं की कल्याणहून आगगाडीनं जा, घाटाच्या पायथ्यापर्यंत जाते. तर म्हणाली, "येताना बैल काय गारीन बसवू? चालतच येवा लागंल. मंग पानी कुठं, चारा कुठं, त्ये आत्ताच बगून ठेवते." आणि ती रुळांच्या कडेकडेनं चालत गेली. खडवलीला भातसा नदी अजून भरून वाहत होती, उतार मिळायला तिला अर्धा दिवस काठावर बसावं लागलं. तेवढ्यात तिनं तिथल्या बायकांकडून सगळं काढून घेतलं, की दिवाळीपर्यंत पाणी किती उतरतं, जनावर कुठून घालायचं, कुणाच्या अंगणात रात्रीपुरतं बांधू देतात. चौथ्या दिवशी ती खर्डीच्या पुढं, डोंगराच्या सोंडेवर, दौलतच्या वाड्याशी पोचली.

म्हशाच्या जत्रेतले विकणारे मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "हा दौलतच्या वाड्यातला." म्हणून तिला नाव ठाऊक. वाडा म्हणजे घर नव्हे. करवंदीच्या काट्यांचं कुंपण, आत गवतानं शाकारलेला एकच लांब गोठा, त्याच्या टोकाला दौलतची आणि त्याच्या बायकोची, लक्ष्मीची, झोपडी. चाळीसेक गाई, त्यांची वासरं, खोंडं आणि सगळ्यांत एक वळू, काळ्या दगडासारखा. दौलत महादेव कोळी. त्याच्या बापानं, आज्यानं हेच केलेलं, गुरं जन्माला घालायची आणि वाढवायची. त्याची पद्धत अशी, की पावसाळ्यात जन्मलेलं वासरू पहिल्या महिन्यात उघड्यावर सोडायचं. जे पावसात उभं राहून चरेल ते ठेवायचं, जे आडोशाला पळेल ते वाढलं की जत्रेला द्यायचं. म्हणजे आमचं गाव इतकी वर्षं ज्यांची शिंगं न्याहाळून, तोंडात बोट घालून दात मोजून, छाती फुगवून घरी आणत होतं, ते दौलतनं नको म्हणून काढलेलं जनावर होतं. बाप हे सांगताना दर वेळी मान हलवायचा.

दौलतनं तिला अंगणात बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कुठून आली, बाई?"

"डोंबिवलीच्या खारीकरना."

"मिठागरवाले." त्याचा चेहरा बदलला. "मग पाणी पी आणि परत जा. तुमच्याकडं गेलेलं माझं जनावर दुसरा पावसाळा बघत नाही."

"त्येच इचाराला आले, दादा. का नाय बघत?"

"मला काय ठाव? मी काय तुमच्या गोठ्यात येऊन बसलोय? नाशकाकडं गेलेलं जगतं, जुन्नराकडं गेलेलं जगतं. तुमच्याकडं मरतं. तुमच्या हाताला गुरं लाभत नाहीत, एवढंच मला कळतं."

दुसरी कुणी असती तर हे ऐकून उठली असती. तुळसा म्हणाली, "मंग चार दीस माजा हात बगा," आणि तिथंच राहिली. लक्ष्मीनं तिला झोपडीच्या पडवीत जागा दिली. दौलत नाही म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही.

दुसऱ्या सकाळी तिनं ओच्यातलं मीठ एका दगडावर पसरलं. डोंगरातल्या गुरांना मीठ कुठलं मिळायला? गाई कान टवकारून आल्या आणि दगड चाटायला लागल्या. त्यांत एक तीन वर्षांचा खोंड होता, काळा, त्यावर पांढरे शिंतोडे. डोंगरात अशा रंगाला बहाळा म्हणतात, म्हणून त्याचं नाव बहाळ्या. दगडापाशी त्याला जागा मिळेना, तेव्हा तो तुळसाच्या मागं आला आणि तिच्या टाचा चाटायला लागला. मिठागरात जन्म गेलेल्या त्या टाचा, भेगाभेगांतून मीठ बसलेलं. तिला गुदगुल्या झाल्या आणि ती किती तरी महिन्यांनी हसली. हाच पाहिजे, असं तिनं तिथंच ठरवलं. दौलतनं लांबून पाहिलं आणि गुरं घेऊन गेला.

मग जे झालं ते आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. चौथ्या दिवशी बहाळ्याच्या खुरात काटा गेला. दौलतनं तो काढला आणि खोंडाला चरायला न नेता वाड्यातच ठेवला. तुळसाला म्हणाला, "याला पाणी दाखव दुपारचं." आणि तो आणि लक्ष्मी गुरं घेऊन पलीकडच्या सोंडेवर गेले.

तुळसाला वाटलं, हीच वेळ. आपला हात दाखवायचा तो आज. मिठागरवाल्यांत चांगला गुराखी कुणाला म्हणतात? जो रोज संध्याकाळी बैल धुतो त्याला. मिठाची ओझी वाहून पाठीवर खार साचते, ती राहिली तर कातडी फुटते, म्हणून आमच्याकडे दिवेलागणीला बैल धुतलाच पाहिजे. आठ महिन्यांची ती सवय मग पावसाळ्यातही सुटायची नाही, चिखलासाठी म्हणून धुवायचे. ज्या घरचा बैल धुतलेला नाही त्या घरच्या सुनेला नावं ठेवली जायची. तुळसानं चुलीवर हंडा चढवला. राख घेतली, पेंढ्याचा बोळा केला आणि बहाळ्याला मानेपासून शेपटीपर्यंत असा घासला की त्याचे पांढरे शिंतोडे लखलखायला लागले. दोन तास ती घासत होती. त्याच्या अंगाला एक तेलकट, आंबूस वास होता, तो जाईपर्यंत घासत होती. मग त्याला उन्हात उभा केला आणि दाराशी दौलतची वाट पाहत बसली. इतकं मनापासून काम आपण क्वचितच केलं होतं, असं ती बापाला म्हणाली होती.

दौलत आला. त्यानं लांबूनच बहाळ्याकडे पाहिलं आणि चालता चालता थांबला. जवळ येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवला. हात उलटा करून पाहिला. हात कोरडा होता.

"काय केलंस?"

"धुतला."

"कशानं?"

"राखंनं. गरम पान्यानं. आमी रोज धुतो, दादा."

"रोज?"

"रोज सांजच्याला. पावसान सुदा. हयगय नाय करत."

दौलत रागावला नाही. शेजारच्या एका गाईच्या कुशीवरून त्यानं नखानं रेघ ओढली. नखात पिवळसर, मेणासारखं तेल आलं. ते त्यानं तुळसाच्या तळहातावर पुसलं. मग तांब्यातलं पाणी गाईच्या पाठीवर ओतलं. अळवाच्या पानावरून जावं तसं ते घरंगळून खाली गेलं, केस ओला झाला नाही. उरलेलं पाणी त्यानं बहाळ्याच्या पाठीवर ओतलं. ते आत मुरलं आणि खोंडाचं अंग शहारलं.

"हे त्याचं घोंगडं," दौलत म्हणाला. "देवानं अंगातच दिलेलं. यावर तर ते धो धो पावसात उभं राहतं. तुम्ही रोज ते काढून घेता आणि मग त्याला पावसात उभं करता. इतकी वर्षं मला उमगेना, की हे मरतात कशानं."

तुळसाला सगळं एका क्षणात कळलं. तीन बैल. तिसऱ्याला कापरं भरलं तेव्हा तिनं त्याला दिवसातून दोनदा गरम पाण्यानं धुतलं होतं, बरं वाटावं म्हणून. तो तिच्याकडे बघत बघत गेला होता. ती गोठ्याच्या मागं जाऊन बसली आणि रडली. "पंढरी, नवरा गेला तवा रडले नाय इतकी तवा रडले," असं ती सांगायची. "तिघांना मीनंच मारला. प्रेमानं मारला." लक्ष्मी तिच्याजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दौलत म्हणाला, "तुला पाहिजे होतं ते उत्तर मिळालं, बाई. आता घरी जा."

"नाय जानार."

"अजून हस्ताचा पाऊस राहिलाय. हा खोंड आता तसाच भिजायचा. तो जगतो का मरतो ते मी बघीन."

"मी उघरा केलाय त्याला, मीच झाकीन. त्याचा तेल परत येईस्तवर मी हितना हालत नाय. किती दीस लागतील?"

"मला काय ठाव? आमच्यात कुणी धुतलाय कधी?"

त्यानंतर अठरा दिवस ती त्या डोंगरावर राहिली. पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायला पानांचं विणलेलं इरलं असतं, तसं एक लक्ष्मीनं तिला दिलं. ते तिनं बहाळ्याच्या पाठीवर बांधलं आणि स्वतः त्याच्या बाजूनं भिजत चालली. हस्ताचा पाऊस तिरपा येतो, म्हणून ज्या बाजूनं सर येईल त्या बाजूला ती उभी राहायची. दौलत म्हणाला, वेडी आहेस. ती म्हणाली, "आसंन." दोन दिवस तिला ताप चढला, तरी ती खोंडाबरोबर रानात गेली. लक्ष्मीनं सुचवलं की त्याच्या अंगाला करंजाचं तेल चोळू. दौलतनं नको म्हटलं, वरून लावलेलं त्याचं नव्हे, त्याचं त्याला येऊ दे. तेव्हा तुळसा फक्त रोज सकाळी बहाळ्याच्या कुशीवरून नखानं रेघ ओढायची आणि नख बघायची. नख कोरडं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. इकडे दिवाळी जवळ येत होती आणि तिला ती तारीख पाठ होती.

गावात राघोकाकानं तिचा विषयच मिटवला होता. वयनी बहुतेक माहेरी गेली, असं सांगत तो तिच्या बांधावरून फेऱ्या घालायचा, कुठं डागडुजी लागेल ते बघायचा. बाप म्हणायचा, पाडवा अजून आलेला नाही. एवढंच म्हणायचा, कारण त्यालाही खात्री नव्हती.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी तिच्या नखात तेल आलं. थोडंसंच, पण पिवळं, आणि तो आंबूस वास. ती धावत झोपडीपाशी गेली आणि दौलत भाकरी खात बसला होता, त्याच्या मनगटावर तिनं ते नख पुसलं. दौलतनं वास घेतला. भाकरी खाली ठेवली. मग उठून बहाळ्याचं दावं सोडलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं वाळे पुढं केले, ते लक्ष्मीनं घेतले. दौलत एवढंच म्हणाला, "माझा बाप म्हणायचा, जनावर द्यावं तर भिजणाऱ्या माणसाला द्यावं. मला तेव्हा समजलं नव्हतं."

वाटेत कुठं पाणी, कुठं चारा, हे तिला आधीच ठाऊक होतं. खडवलीचा उतार गुडघ्याइतका राहिला होता. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ती गावात शिरली आणि बहाळ्याला चांद्याच्या शेजारी बांधलं. सगळं गाव बघायला आलं.

पण पाडवा उजाडला आणि नवीनच प्रश्न उभा राहिला. पाडव्याला आमच्याकडे बैलांना न्हाऊ घालायचं, रंगवायचं, माळा घालायच्या आणि पेटलेल्या पेंढ्यावरून उडवायचं. न्हाऊ घालायचा मान घरातल्या वडील पुरुषाचा. तो राघोकाका. तो मोठ्या मनानं घागर आणि राख घेऊन तुळसाच्या अंगणात आला. तुळसा बहाळ्याच्या पुढं येऊन उभी राहिली.

"पाय धुवा, भावजी. पाठ नाय."

"म्हंजे?"

तिनं सांगितलं, तेल काय, घोंगडं काय, तीन बैल कशानं गेले. जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बैल धुतल्यानं मरतो, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते खरं मानायचं तर आपण आजवर किती मारले याचा विचार करावा लागला असता. तो कुणालाच करायचा नव्हता.

"पारोसा बैल पारव्याला?" राघोकाका म्हणाला. "गावाचा वाटोला करतीस काय? आसली जोडी मी मानत नाय. शब्द तू हरलीस."

"जोडी बोलली होते. धुतलेली जोडी बोलली नव्हते. पंढरी ऐकत होता."

सगळे बापाकडे वळले. बाप गरीब माणूस, राघोकाकाच्या मिठागरावर राबणारा. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "जोडी बोलली होती. माजी सावड हाय तिच्याशी." बापाच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं भाषण.

राघोकाकानं घागर खाली ठेवली. "ठीक. श्रावनान हा बसला, का शेत माजा. मंग मी काय ऐकनार नाय."

"बसला तं न्या," तुळसा म्हणाली.

बहाळ्याला त्या दिवशी माळ घातली, शिंगं रंगवली, पाठ तशीच. लोक त्याला पारोसाच म्हणायला लागले. मिठाच्या दिवसांत तिनं नवी तऱ्हा काढली. पाठीवर आधी गवताची जाड गादी, त्यावर ओझं, आणि संध्याकाळी नुसत्या सुक्या पेंढ्यानं पुसायचं. बायका तिच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावायच्या. ज्या बाईनं जन्मभर घासून घासून नाव कमावलं, तिला ते लागत नसेल असं नाही. लागायचं. ती बापाला तसं म्हणाली होती. पण तिनं पेंढ्याचा बोळा सुकाच ठेवला.

मग आषाढ आला. बापानं बहाळ्या आणि चांद्या जुंपले आणि तुळसाचं शेत चार दिवसांत उरकलं, मग आपलं. चिखल पोटापर्यंत, वरून धार, आणि बहाळ्या कान हलवत चालतोय. त्याच पंधरवड्यात राघोकाकाच्या नव्या बैलाच्या अंगावर काटा फुलला. तुळसाला कळलं तेव्हा ती भर पावसात त्याच्या गोठ्यात गेली. राघोकाका हंडा तापवत होता.

"भावजी, पानी ओतू नका त्याच्यावर."

"जा तू."

"मीनं तीन मारलेत. तुमी चवथा मारू नका." तिनं आपल्या अंगावरचं घोंगडं काढलं आणि बैलावर टाकलं. हंडा राघोकाकानं चुलीवरच राहू दिला. दोघांनी मिळून बैलाला कोरडं पुसलं, शेकोटी केली. आठ दिवस तो बैल कुंथत उभा होता, पण उभा होता.

श्रावणातल्या एका सकाळी, पाऊस लागलेला असताना, गावाच्या वेशीवर एक उंच म्हातारा आला. त्याच्या हातात दावं आणि दाव्याला एक काळी-पांढरी कालवड. दौलत. त्याच्या हातून डोंगराखाली कधी गाय गेली नव्हती आणि तो स्वतःही कल्याणच्या खाली कधी उतरला नव्हता. विचारत विचारत तो तुळसाच्या अंगणात आला. राघोकाका तिथं बसलेला होता. मुदत संपत आली होती, आणि बहाळ्या बसतो का ते बघायला तो रोज यायचा. आता बसू नये म्हणून यायचा का काय, ते त्यालाच ठाऊक.

दौलत सरळ बहाळ्यापाशी गेला. पावसाचं पाणी त्याच्या पाठीवरून ओघळून खाली जात होतं. त्यानं कुशीवरून नखानं रेघ ओढली, नखाकडे पाहिलं आणि ते आपल्या कालवडीच्या कपाळावर पुसलं. मग दावं तुळसापुढं धरलं.

"बैल किती दिवस मागायला येशील?" तो म्हणाला. "घे. आता तुझ्याच दारात होऊ देत."

तीन दिवसांच्या वाटेनं कालवड चिखलानं बरबटली होती, पार पाठीपर्यंत. तुळसाचा हात आपसूक कोपऱ्यातल्या घागरीकडे गेला. तिनं घागर उचलली, कालवडीच्या अंगाशी आणली, आणि तिथं तिचा हात थांबला. मग ती वाकली आणि ते सगळं पाणी तिनं दौलतच्या पायांवर ओतलं, आणि बोटांच्या फटींतला चिखल निघेपर्यंत त्याचे पाय धुतले. राघोकाका उठला आणि कुणी न सांगता चांद्याला थोडा पलीकडे सरकवून त्यानं कालवडीसाठी जागा केली.